बक्षीस एकीला, वेतन साऱ्याजणींना

‘कौन बनेगा करोडपती’चे पर्व चालू असले, की रात्री नऊच्या सुमाराला दिव्यातल्या चाळींमधून आणि एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींमधून एकच धून ऐकू येते. घरातले पुरुष आणि मुले टीव्हीसमोर बसलेली असतात. घरातली बाई बहुधा ओट्याशी असते. तिला पडदा दिसत नाही, पण प्रश्न ऐकू येतो, आणि पोळी लाटता लाटता ती तिथूनच उत्तर देते. उत्तर बरोबर निघाले, की बाहेरच्या खोलीत आश्चर्य व्यक्त होते, ‘हिला कसे काय माहीत?’ ती दिवसभर शाळेत शिकवून आलेली असली तरी हे आश्चर्य ओसरत नाही.

मैत्रिणींनो, बाईला काय माहीत आहे आणि त्या माहीत असण्याची किंमत कोण, कशी करते, हा या संपादकीयाचा विषय आहे. टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये उतरलेल्या काही शिक्षिकांच्या आणि शाळेत राबणाऱ्या एका बाईच्या निमित्ताने तो मांडावासा वाटतो.

सुरुवात दिव्यापासूनच करू. मुंब्रा आणि कोपर यांच्यामधले हे जंक्शन. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे फाटे इथूनच फुटतात. जलद गाड्या इथे थांबायला डिसेंबर 2016 उजाडावा लागला. त्याआधी, 2 जानेवारी 2015 रोजी, गाड्यांच्या खोळंब्याला कंटाळलेल्या प्रवाशांनी रूळ अडवले होते. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून माणसे दिव्यात आली. पाणी, रस्ते आणि शाळा मात्र त्यांच्या मागून रखडत आल्या. ठाणे महापालिका वेळोवेळी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करते, त्यांत दिव्यातल्या शाळा मोठ्या संख्येने असतात. या याद्या वाचताना आपण मुलांच्या भवितव्याची काळजी करतो, आणि ती करायलाच हवी. पण अशा शाळांतून शिकवतात त्या बहुतेक बायकाच, आणि त्यांचे काय, हे विचारायचे राहून जाते. शाळेलाच मान्यता नसेल तर तिथल्या बाईंच्या नेमणुकीला, पगाराला आणि रजेला कोणता आधार उरतो? जी डोंबिवलीला किंवा ठाण्याला शिकवायला जाते, ती सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने ‘डाऊन’ करून येते. संध्याकाळी घरी आली, की शिकवणीची मुले दारात उभी असतात. या बाईला सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे येतात, कारण ती रोज तेच शिकवते. मग त्या खुर्चीपर्यंत ती का पोचत नाही?

एकतर त्या खुर्चीकडे जाणारी वाट फोनवरून जाते. नावनोंदणी, पहिले प्रश्न, निवडीचा निरोप हे सगळे फोनवर चालते. घरात फोन किती आणि ते कोणाच्या खिशात असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरी अडचण वेळेची. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनमोल कामे करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटे वेळ जातो; अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक आणि दीड तासाहून कमी. अभ्यासाला लागणारा वेळ बाईने काढायचा तो आपल्या झोपेतून.

हा कार्यक्रम जुलै 2000 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिले एक कोटी जिंकले. ते तेव्हा प्रशासकीय सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते. त्यांच्या हुशारीबद्दल शंका नाही. पण अभ्यास करणाऱ्या मुलाला घर अभ्यास करू देते, त्याची खोली शांत ठेवते, त्याच्या हातात चहा आणून देते, हेही खरे आहे. स्वतःच्या बळावर एक कोटी जिंकून आलेली बाई म्हणून झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम यांचे नाव गाजले ते 2010 साली. मुंबईच्या सुनमीत कौर साहनी यांनी 2013 च्या आरंभी पाच कोटी जिंकले. एवढी रक्कम मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 2020 च्या पर्वात तर एक कोटी जिंकणाऱ्या चौघीही स्त्रियाच होत्या. बायकांना काय माहीत असते, या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथेच मिळाले आहे.

कोल्हापूरच्या कविता चावला यांची गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून त्या प्रयत्न करत होत्या आणि 2022 मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. गृहिणी म्हणून घर चालवताना सुमारे 22 वर्षे त्यांनी ही इच्छा जपली. दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबणार होते. शाळेतल्या शिक्षकांनी घरी बसून, तासन्‌तास बोलून वडिलांची समजूत काढली म्हणून त्या बारावीपर्यंत शिकल्या, असे त्यांनीच सांगितले आहे. कोणा मुलीच्या दारात जाऊन बसणारे असे शिक्षक आपल्यापैकी अनेकींना आठवतील. त्या कामाची कोणत्याही हजेरीपटात नोंद होत नाही.

आता अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांच्याकडे येऊ. 2019 च्या पर्वात त्यांनी एक कोटी जिंकले, तेव्हा त्या एका शाळेत सुमारे 450 मुलांसाठी खिचडी शिजवत होत्या. रूढ अर्थाने त्या शिक्षिका नव्हेत. पण आपल्याकडे वर्गात शिकवते तीही बाई, पोषण आहार शिजवते तीही बाई आणि घरोघरी धुणीभांडी करते तीही बाईच. शाळा चालते ती या साऱ्या बायांच्या कामावर. बबिताताईंनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेला होता. घरात एकच फोन असल्याने आपल्याला स्वतःचा एक मोबाइल हवा, एवढी साधी इच्छा त्यांनी कार्यक्रमात बोलून दाखवली, आणि ती देशभर कौतुकाचा विषय झाली. बाईच्या अल्पसंतुष्टपणाचे आपल्याकडे फार कौतुक होते. खरे तर या इच्छेने आपल्याला अस्वस्थ करायला हवे होते. जी बाई देशातल्या अवघड प्रश्नांची उत्तरे देऊ शकते, तिच्या हातात स्वतःचा फोनही नसतो, हे त्या घराबद्दल नव्हे, तर तिच्या कामाला दिल्या जाणाऱ्या मोबदल्याबद्दल बरेच काही सांगून जाते.

तो मोबदला होता महिन्याला 1,500 रुपये. जरा गणित करू. वर्षाचे बारा महिने धरले, तर 18,000 रुपये. या हिशोबाने एक कोटी रुपये मिळवायला 555 वर्षे लागतात. प्रत्यक्षात या कामाचे पैसे वर्षातून दहाच महिने देण्याची योजनेची रीत आहे, तेव्हा आणखी शंभरेक वर्षे जोडावी लागतील. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर अधिभार असतो. एक कोटीतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा सरकारजमा होतो. म्हणजे स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला महिन्याला 1,500 रुपये देणाऱ्या शासनव्यवस्थेने त्या एका रात्रीच्या कमाईतून तिला दिलेल्या साऱ्या वर्षांच्या मोबदल्याहून कितीतरी अधिक परत घेतले. पुढे त्याच वर्षीच्या निवडणुकीत जिल्हा प्रशासनाने मतदार जागृतीच्या कामासाठी त्यांची निवड केली. तिचा चेहरा प्रशासनाला उपयोगी वाटला याचा आनंदच आहे. तिच्यासारख्या हजारोजणींच्या हातांचा हिशोब मात्र तसाच राहिला.

शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 मधल्या आदेशाने. त्या आदेशामुळे देशभरातल्या शाळांत चुली पेटल्या आणि लक्षावधी बायका कामाला लागल्या. त्यांना द्यायची रक्कम केंद्राने 2009 साली महिना 1,000 रुपये ठरवली. राज्यांनी त्यात आपापली भर घातली. महाराष्ट्रात ती पुढे 1,500 आणि नंतर 2,500 रुपये झाली. तिला वेतन म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे, असा दंडक आहे. हा शब्द मोठा सोयीचा आहे. वेतन म्हटले, की किमान वेतनाचा कायदा आला, भविष्यनिर्वाह निधी आला, बाळंतपणाची रजा आली, निवृत्तीचा विचार आला. मानधन म्हटले, की बाई स्वेच्छेने समाजसेवा करते आणि सरकार तिचा मान राखते, असा देखावा उभा राहतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये या देखाव्यावर बोट ठेवले. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या याचिकेवर निकाल देताना, महिना 1,000 रुपयांत हे काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 ने मना केलेली वेठबिगारी होय, असे न्यायालयाने म्हटले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदानाचा हक्क मान्य केला, तेव्हाही मानधन या शब्दाआड दडलेले वेतनच उजेडात आले.

या बायकांपेक्षा शिक्षिकेची स्थिती बरी, असे आपण समजतो. सरकारी वेतनश्रेणीतल्या कायम शिक्षिकेपुरते ते बरोबरही आहे. पण महाराष्ट्रात 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकांची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला 2011 पासून महिना 6,000 रुपये मिळत राहिले. ते 16,000 व्हायला 2023 साल उजाडले. दुसरीकडे 2001 पासून ‘कायम विनाअनुदानित’ शाळांना परवानगी मिळू लागली. 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला गेला, तरी अनुदानासाठी आझाद मैदानातली आंदोलने वर्षानुवर्षे चालू राहिली. पगाराविषयी एवढी संथ असणारी यंत्रणा पोशाखाविषयी मात्र तत्पर निघाली. मार्च 2024 मध्ये शासनाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल निर्णय काढला, आणि शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुडता घालावा, जीन्स-टीशर्ट नको, अशा सूचना त्यात दिल्या. बाईंनी वर्गात काय नेसावे याची काळजी करणाऱ्यांनी, ते नेसायला त्यांच्या हातात किती पैसे पडतात याचीही चौकशी करावी.

या पार्श्वभूमीवर त्या खुर्चीत बसलेल्या दोन शिक्षिकांकडे पाहू. छत्तीसगडमधल्या जगदलपूरच्या अनुपा दास यांनी 2020 मध्ये एक कोटी जिंकले. त्यांच्या आईला कर्करोग होता आणि उपचारांसाठी पैसा हवा होता. आग्र्याच्या हिमानी बुंदेला यांनी 2021 मध्ये एक कोटी जिंकले. त्या केंद्रीय विद्यालयात शिकवत होत्या. 2011 मधल्या एका अपघातानंतर त्यांची दृष्टी गेली होती. अपंग मुलांना स्पर्धा परीक्षांसाठी शिकवता यावे, असा वर्ग काढण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली. एकीला आईच्या औषधोपचारासाठी पैसे हवे होते, दुसरीला आपल्यासारख्या मुलांच्या शिक्षणासाठी. दोघींच्याही हेतूंपुढे मान लवते. पण आजारी माणसाला उपचार मिळणे आणि अपंग मुलाला शिक्षण मिळणे, या गोष्टी बक्षिसाच्या रकमेवर अवलंबून का असाव्यात? अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा आहे. कायदे असूनही एका शिक्षिकेला आपल्या विद्यार्थ्यांसाठी टीव्हीवरच्या खेळात उतरावेसे वाटते, तेव्हा टाळ्या वाजवताना आपण थोडे थांबायला हवे.

कार्यक्रम बनवणाऱ्यांना हा विचार गैरसोयीचा आहे. त्यांना स्पर्धक बाईच्या ज्ञानाइतकीच तिच्या हालअपेष्टांची गोष्ट हवी असते. प्रश्न सुरू होण्याआधी तिच्या घराची, तिच्या अडचणींची चित्रफीत दाखवली जाते. मागे करुण संगीत असते. मग ती उत्तरे देते, जिंकते आणि गोष्ट सुखान्त होते. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि मधल्या वेळात साबण, सोने, विमा यांच्या जाहिराती होतात. गरिबीचे कारण मात्र कोणी विचारत नाही. चार पर्यायांत तो प्रश्न बसत नाही.

असे असूनही, ‘बायकांनी या तमाशात जाऊच नये’, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. चळवळीतल्या काही मैत्रिणींचे म्हणणे असते, की हा सगळा पैशाच्या हव्यासाचा बाजार आहे, आणि शिक्षिकेने तरी त्यापासून दूर राहावे. बाजाराबद्दल त्या बोलतात ते खरे आहे. पण शिक्षिकेकडूनच एवढ्या निरिच्छपणाची अपेक्षा का? तिच्या पेशाला पवित्र म्हणायचे, आणि पावित्र्याच्या नावाखाली तिने कमी पैशांत, कमी हौसेत राहावे असे मानायचे, ही जुनी चाल आहे. पुरुष मास्तर जिंकून आला तर गाव मिरवणूक काढते. बाई गेली तर आधी ‘शाळेचे काय, घराचे काय’ असे विचारले जाते.

आणखीही एक गोष्ट मान्य करायला हवी. मराठी घरांत 2004 पासून 2022 पर्यंत ‘होम मिनिस्टर’ चालला. त्यात वहिनी म्हणून बाईचे कौतुक झाले, घरातल्या माणसांनी तिच्याबद्दल चार गोड शब्द काढले, खेळ खेळून तिला पैठणी मिळाली. 2022 मध्ये तर 11 लाखांची पैठणी देऊ केली गेली. अनेकींना त्या संध्याकाळी मनापासून आनंद झाला, तो आम्ही हिणवणार नाही. पण तिथे बाईची ओळख तिच्या सासर-माहेरावरून होती. प्रश्नोत्तरांच्या खुर्चीत मात्र तिला इतिहास विचारला जातो, भूगोल विचारला जातो, राज्यघटना विचारली जाते. ती विचार करत असताना सारे सभागृह गप्प बसते. मध्ये कोणी तिचे वाक्य तोडत नाही. आपल्यापैकी कितीजणींना आपल्या घरात, शाळेच्या शिक्षक-खोलीत किंवा पालक सभेत एवढी शांतता मिळते? बायकांना त्या खुर्चीची ओढ वाटते त्यामागे पैशाबरोबर ही ओढही असावी. कोणीतरी आपल्याला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, ही मागणी फार मोठी नाही.

म्हणून या बायकांचे मनापासून अभिनंदन करूनच आम्ही आमचे म्हणणे मांडतो. हा खेळ एका वेळी एकीलाच वर उचलतो. ती वर गेली, की बाकीच्याजणी आपल्यात काहीतरी कमी आहे असे मानू लागतात : आपण अभ्यास केला नाही, आपल्याला धीर झाला नाही, आपले नशीब नव्हते. हजारो स्वयंपाकी बायकांच्या आणि शिक्षिकांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचे रूपांतर असे एकेकीच्या उणिवेत होते. बबिताताई जिंकल्या त्या दिवशी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेतल्या स्वयंपाकी बाईचे मानधन एका रुपयानेही वाढले नाही. ते जे काही वाढले, ते मोर्चे काढणाऱ्या, निवेदने देणाऱ्या, उन्हात बसणाऱ्या बायकांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे. त्या बायकांची मुलाखत मात्र रात्री नऊ वाजता कोणी दाखवली नाही.

आपण काय करू शकतो? आपले मूल ज्या शाळेत जाते, तिथे खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे नाव काय, त्यांना महिन्याला किती मिळतात आणि शेवटचे कधी मिळाले, एवढे विचारून पाहू. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा असतात, आणि त्यांतल्या निम्म्या बायकांच्या असायला हव्यात असे शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. तिथे हा विषय मांडू. मुलांच्या खासगी शाळेत फी भरताना, त्या फीमधून बाईंना पगार किती दिला जातो आणि त्यांच्या हातात नेमणुकीचा कागद आहे का, हेही विचारू. महापालिका अनधिकृत शाळांवर कारवाई करील तेव्हा मुलांच्या प्रवेशाबरोबर तिथल्या शिक्षिकांच्या थकलेल्या पगाराचा प्रश्नही पुढे ठेवू. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळाले पाहिजे, बाराही महिन्यांचे मिळाले पाहिजे, आणि त्याला वेतनच म्हटले पाहिजे. ही मागणी त्यांच्या संघटनांनी केव्हाच केली आहे. आपण तिच्यामागे उभे राहायचे आहे.

आणि ज्या शिक्षिका मैत्रिणींना त्या खुर्चीत बसायचे आहे, त्यांनी जरूर तयारी करावी. घरातल्यांनी त्यांना रोज तासभर मोकळा द्यावा आणि त्या तासात पोळ्या कोणी लाटायच्या, हे आपसांत ठरवावे. दिवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण इथल्या खासगी आणि विनाअनुदानित शाळांत शिकवणाऱ्या मैत्रिणींनी आपल्या नोकरीचे अनुभव आम्हाला लिहून पाठवावेत. नाव छापू नये असे वाटत असेल तर छापणार नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना लिहिणे जमत नसेल, तर त्यांनी सांगावे आणि शेजारच्या शिक्षिकेने लिहून घ्यावे. पुढच्या अंकाची काही पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवत आहोत.